श्रवण आणि अवधान : ‘ख्रिस्तपुराणा’तील श्रोता

ख्रिस्ती उपासनेत श्रवणाला आरंभापासूनच प्रतिष्ठा आहे. श्रद्धा ऐकण्यातून उपजते, हा पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील विचार पुढील उपदेशपरंपरेचे अधिष्ठान ठरला. परंतु ऐकविणे आणि ऐकणे या दोन क्रिया एक नव्हेत. त्यांतील अंतर किती मोठे असू शकते आणि ते ओलांडण्यासाठी वाङ्मयाला काय करावे लागते, याचे उद्बोधक उदाहरण सोळाव्या व सतराव्या शतकांच्या सांध्यावरील गोव्यात सापडते.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६२ मध्ये मिस्सेची भाषा लॅटिनच राखली. मात्र धर्मगुरूंनी तिचा अर्थ लोकांस वारंवार उलगडून सांगावा, असेही बजावले. रविवारी व सणांच्या दिवशी उपदेश करणे हे कर्तव्य ठरले. त्यामुळे सामान्य उपासकाच्या बुद्धीला थेट भिडेल असा उपासनेतील भाग म्हणजे मुख्यतः उपदेश. गोव्यात या उपदेशामागे राजसत्ता उभी होती. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडली गेली आणि त्याच सुमारास हिंदू रहिवाशांनी पाळीपाळीने उपदेशास उपस्थित राहावे, असे आदेश निघाले. अशा आज्ञेने सभा भरते. चित्त भरत नाही. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली. सासष्टीच्या भूमीत किती क्षोभ साठला होता, याची ती साक्ष होती.

याच सासष्टीत थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने आयुष्याचा मोठा भाग वेचला. १५७९ मध्ये तो गोव्यास आला आणि १६१९ मध्ये निवर्तला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाच्या भाषेचे गुणगान पुष्कळ झाले आहे. त्याच्या रचनेत श्रोत्याला दिलेले स्थानही तितकेच विचारार्ह आहे.

ग्रंथाच्या आरंभीच रविवारच्या धर्मशिक्षणाचा प्रसंग आहे. तेथे एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रीगुरूस विचारतो, की जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? म्हणजे ग्रंथाचा जन्म वक्त्याच्या उत्साहातून झालेला नसून श्रोत्याच्या उणिवेतून झाला, अशी कवीची मांडणी आहे. पुढेही कथा चालू असता श्रोते मध्येच शंका काढतात, कथा थबकते आणि समाधान झाल्यावर पुन्हा वाहू लागते. ही रीत मराठी श्रोत्याला परकी नव्हती. पुराणात वक्ता आणि श्रोता दोघेही असतातच. ज्ञानदेवांनी तर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी अवधानच मागितले आहे. अवधान मागावे लागते, ते आज्ञेने मिळत नाही, हे या परंपरेचे मर्म होय. स्टीफन्सने ओवी उचलली, तेव्हा तिच्याबरोबर हे मर्मही त्याच्या पदरी आले.

अर्थात या संवादाच्या मर्यादा दृष्टिआड करून चालणार नाही. प्रश्न विचारणारा श्रोता आधीच धर्मांतरित आहे. अंतिम उत्तर नेहमी गुरूचेच असते. आणि जुनी पुराणे वर्ज्य करणाऱ्या व्यवस्थेविषयी ग्रंथ शंका घेत नाही. परंतु ज्या काळी श्रोत्याची उपस्थिती हुकुमाने मिळविली जात होती, त्या काळी त्याची जिज्ञासा हेच काव्याचे निमित्त मानले जावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

या ग्रंथाचे वाचन गोव्यातील चर्चांमध्ये होत असे. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज रूढ करण्याचा आदेश काढला. श्रोत्याची भाषाच संशयास्पद ठरली. मुद्रित प्रती नामशेष झाल्या, तरी ग्रंथ तगला. गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, आणि जोसेफ साल्ढाना यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे सिद्ध केलेली आवृत्ती त्या जतनावरच उभी राहिली. राजाज्ञेने भरविलेल्या सभा केव्हाच उठल्या. आवडीने ऐकणाऱ्यांनी मात्र ग्रंथ हातांनी उतरवून घेतला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली आणि प्रवचन हे उपासनेचेच अंग असल्याचे स्पष्ट केले. ही दोन्ही सूत्रे एकाच दस्तऐवजात यावीत, हे स्वाभाविकच होते. कारण ज्याला बोल कळत नाहीत, त्याच्यापाशी अवधान तरी कशाचे मागणार? सासष्टीच्या त्या काल्पनिक ब्राह्मणाने साडेतीन शतकांपूर्वी वेगळ्या शब्दांत हेच विचारले होते.