सुप्याचा दंगा आणि सरकारचा निवाडा

‘पुणे-सुपे’ हे जोडनाव शहाजीराजांच्या जहागिरीच्या संबंधाने ज्याच्या कानांवरून गेले नाही असा मराठी वाचक विरळा. त्याच सुप्यास १२ मे १८७५ रोजी, आठवड्याच्या बाजारादिवशी, जमलेल्या कुणब्यांनी गुजर व मारवाडी सावकारांच्या दुकानांत शिरून वह्या आणि खते रस्त्यावर आणली व त्यांची होळी केली. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. त्या काळी आजच्या दौंड व बारामती ह्या दोन तालुक्यांचा बराच मुलूख भीमथडी ह्या एकाच तालुक्यात होता. तीन दिवसांनी, शनिवारी, पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट तेथे पोचले, तेव्हा राखेचे ढीग रस्त्यात तसेच पडलेले होते. एक घर जळालेले, डझनभर घरे फोडून रिकामी केलेली, पन्नास माणसे कैदेत, दोन हजार रुपयांचा माल परत मिळालेला, आणि नुकसानीचा अंदाज पंचवीस हजारांवर, असा त्यांनी वरिष्ठांकडे धाडलेल्या पत्राचा आशय आहे. सावकार मात्र नुकसान लाखावर सांगत होते. खतावणी हाती असताना आकडा फुगविण्याची त्यांची सवय खतावणी जळाल्यावरही सुटली नव्हती, एवढाच ह्यावरून बोध घ्यावयाचा!

सुप्याचे नाव मोठे झाले, तरी आरंभाचा मान शिरूर तालुक्यातील कर्डे ह्या गावाचा आहे. १८७४ च्या अखेरीस तेथील काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख ह्या घरंदाज गृहस्थावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि बजावणीत त्यांचे राहते घर पाडावयास काढले. दीडशे रुपयांपायी देशमुखांचा वाडा उघडा पडतो हे पाहून गाव खवळले. परंतु त्या वेळी कोणी काठी उगारली नाही. सावकाराचे शेत कोणी कसावयाचे नाही, त्याच्या घरी चाकरी करावयाची नाही, न्हाव्याने त्याची हजामत करावयाची नाही, पाणक्याने पाणी भरावयाचे नाही, असा निर्बंध गावाने घातला, आणि आसपासच्या गावांनी आपापल्या परीने तोच कित्ता गिरविला. कित्येक ठिकाणी असे करार लिहून काढण्यात आले. बहिष्कार हे शस्त्र बंगालच्या स्वदेशीपासून आपल्याकडे आले अशी जी समजूत आहे, तिला कर्ड्याच्या कुणब्यांनी तीस वर्षे आधीच उत्तर देऊन ठेवले होते.

आता कुणबी ह्या थरास का आला हे पाहिले पाहिजे. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडास जाईनासा झाला आणि आपल्या कापसास सोन्याचे मोल आले. सावकार मागेल तितके देऊ लागला, कुणब्याने घेतले. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज तेवढे राहिले. ह्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताचे आयुष्य तीन वर्षांवर आणून ठेवले होते. कायद्याचा हेतू कुळास वाचविण्याचा; फळ उलटे झाले. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई, चढलेले व्याज मुदलात घाली, आणि अंगठा उठविणाऱ्यास कागदात काय लिहिले आहे हे ठाऊक नसे. दामदुपटीची जुनी मर्यादा अशा रीतीने कागदोपत्री मोडली गेली. दिवाणी कोर्टात कुळ हजर राहत नसे, राहिले तर त्याचे ऐकण्यास पुरावा नसे, आणि एकतर्फी हुकूमनामे सुटत.

येथवरची हकीकत सरकारी अहवालातही मिळते. खरा वाद पुढे आहे. रयतवारीच्या पद्धतीत सारा रोख भरावयाचा, तोही ठरलेल्या हप्त्यांनी. माल विकला गेला आहे की नाही ह्याची हप्त्यास पर्वा नाही. तेव्हा पैका सावकाराच्या पेटीतून निघे, सरकारच्या खजिन्यात जाई, आणि कुळाच्या नावावर कर्ज चढे. गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी इंदापुरापासून सुरू केलेल्या पाहणीची तीस वर्षांची मुदत सरली, आणि १८६७ पासून इंदापूर, भीमथडी, हवेली अशा तालुक्यांत फेरआकारणी झाली ती कापसाच्या तेजीचे दिवस डोळ्यांसमोर ठेवून. पुष्कळ ठिकाणी सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७३ साली ह्याबाबत चौकशी करून आपले म्हणणे प्रसिद्ध केले. त्याचा परिणाम मुळीच झाला नाही असे नाही. तालुक्यांच्या एका गटावर ३३, एका गावावर ६६ आणि एका खातेदारावर १०० टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, असा ठराव सरकारने १८७४ मध्ये केला. शंभर टक्क्यांची ही ‘मर्यादा’ ज्यास दिलासा म्हणून सांगावी लागली, त्याची मूळची स्थिती काय असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

सुप्यानंतर चोवीस तासांच्या आत सात कोसांवरील खैरगावी सावकाराची गंजी व घर पेटले. मग भीमथडी, शिरूर, आणि भीमेपलीकडे नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे असा वणवा फिरला. पण ह्या वणव्याची दिशा ठरलेली होती. सावकाराने कागद मुकाट्याने दिला तर लोक कागद जाळून परतत. हात उचलला जाई तो बहुधा कागद अडवून धरणाऱ्यावर. एक मोठी चमत्कारिक वदंताही पसरलेली होती. कोणा साहेबाचे घरदार मारवाड्याने कर्जापायी विकले, त्याने थेट राणीसाहेबांकडे दाद मागितली, आणि मारवाड्यांनी सर्व खते परत करावीत असा त्यांचा हुकूम सुटला आहे, असे लोक बोलत. म्हणजे ज्या कुणब्यास पुढे बेड्या पडल्या तो आपण सरकारचाच हुकूम बजावतो आहोत अशा समजुतीत होता!

सरकारने मात्र ताबडतोब लष्कर बोलाविले. शिरूर ही तर पूना हॉर्सची जुनी छावणी. गावोगाव पोलिसांची ठाणी बसली, आणि तरीही मुलूख पुरता शांत होण्यास कित्येक महिने लागले. पुणे जिल्ह्यात ५५९ माणसे पकडली गेली व त्यांपैकी ३०१ जणांस शिक्षा झाली. नगरकडे ३९२ पैकी २०० जणांस. म्हणजे ९५१ जण पकडले, ५०१ दोषी ठरले. उरलेले साडेचारशे सुटले खरे, पण पेरणीच्या तोंडावर ज्याच्या घरचा कर्ता पुरुष चौकीवर नेला त्याच्या शेताची सुटका कोणत्या कोर्टाने केली?

बंदोबस्त हा दडपणाचा एक प्रकार झाला. दुसरा अधिक सभ्य असतो व अधिक टिकतो. त्याचे नाव चौकशी. मुंबई सरकार आरंभी हे प्रकरण विशेष मानावयास तयार नव्हते. हिंदुस्थान सरकारास सत्तावन सालाची आठवण ताजी होती, म्हणून त्याच्या आग्रहावरून कमिशन नेमले गेले. सरकारी साऱ्याचा बोजा हे दंग्याचे कारण होते काय, हे ठरविण्याचे काम त्या कमिशनाकडे मुद्दाम सोपविलेले होते. वादीने आपल्याच नोकरांस पंच नेमावे आणि निकाल काय लागतो म्हणून उत्सुकतेने वाट पाहावी, त्यातलाच हा प्रकार. १८७६ चा अहवाल, जो १८७८ मध्ये पार्लमेंटापुढे ठेवण्यात आला, त्याचे तात्पर्य असे की दोष सावकाराच्या लोभाचा, कुळाच्या अज्ञानाचा व कोर्टांच्या पद्धतीचा, साऱ्याचा नव्हे. वायव्य प्रांतांतून आलेले सभासद ऑकलंड कोल्विन ह्यांनी मात्र आपले वेगळे टिपण लिहून वाढलेल्या साऱ्यावर बोट ठेवले. परक्या प्रांतातील अधिकाऱ्यास जे दिसले ते मुंबईकरांस दिसले नाही, ह्यात दृष्टीचा दोष नसून बसण्याच्या जागेचा आहे असे आम्हांस वाटते.

तथापि न्यायाची गोष्ट आपल्या पक्षालाही सोडीत नाही. ज्या गावांत ब्राह्मण सावकार मारवाड्याच्या बरोबरीने देवघेव करीत, तेथेही मार बहुधा मारवाड्यासच बसला, असे त्याच अहवालात नमूद आहे. व्याजाचा दर जानव्याने कमी होत नाही. बाहेरून आलेल्यास झोडपणे सोपे आणि गावच्यास बोलणे अवघड, हा मनुष्यस्वभाव कुणब्यातही होता, आणि सरकारास तो पथ्यावर पडला. ‘कुणबी विरुद्ध मारवाडी’ असे प्रकरणाचे स्वरूप एकदा ठरले की सरकार त्या दोघांच्या मधला पंच होते, आणि तिसरा पक्षकार म्हणून त्याचे नाव कागदावरून आपोआप गळते.

पुढे १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. कर्जापायी कुणब्यास तुरुंगात घालणे बंद झाले, खतामागची मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस मिळाला, गावोगाव दस्त नोंदण्याची सोय झाली. कायदा चांगला होता, आणि तो जाळलेल्या कागदांतून जन्मला हे कबूल केले पाहिजे. साऱ्याबद्दल त्यात अक्षर नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी आपला पहिला छापा घातला तो शिरूर तालुक्यातीलच धामारी गावावर. तेथे सरकारी कराचा पैसा एका व्यापाऱ्याच्या घरी ठेवलेला होता असे सांगतात. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात सावकाराबरोबर सरकारी खातीही आरोपीच्या जागी उभी आहेत.

सरकारास खरी भीती कशाची होती हे पुढे वीस वर्षांनी उघड झाले. १८९६ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेने मुंबई इलाख्यात माणसे पाठवून, पीक बुडाले असता साऱ्याच्या सुटीसंबंधी सरकारचेच नियम काय आहेत, एवढे शेतकऱ्यांस समजावून सांगितले. ह्यात ना खत जळले, ना कोणाचे घर फुटले, ना कोणी मारवाडी मधे होता. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की सार्वजनिक प्रश्नांवर सरकारकडे काही लिहिण्याचा अधिकार ह्या सभेस ह्यापुढे नाही.