पुरुषांची खरेदी : नांदेड-लातूरच्या बाजारात काय घ्यावे, काय पारखावे?

घरातील खरेदी बायकांनी करायची आणि पुरुषांनी पिशव्या धरून दुकानाबाहेर उभे राहायचे, हे चित्र आता जुने झाले आहे. आजचा पुरुष मोबाईलपासून मनगटी घड्याळापर्यंत आणि खादीच्या सदऱ्यापासून तूरडाळीपर्यंत स्वतः पाहून, विचारून, भाव करून घेतो. नांदेडचे वजिराबाद आणि लातूरची गंजगोलाई या दोन्ही बाजारपेठांत त्याच्यासाठी भरपूर काही आहे. मात्र माल वाढला तशी नक्कलही वाढली. एकाच टपरीवर खरे आणि खोटे हेल्मेट शेजारी-शेजारी टांगलेले असते आणि दोन्हींवर सारखेच चिन्ह चिकटवलेले दिसते. म्हणूनच काय घ्यावे यापेक्षा कसे पारखून घ्यावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

हेल्मेट : स्वस्तात महाग पडणारी वस्तू

चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेड-लातूर प्रवास दुचाकीवरून करणारे कमी नाहीत. अशा प्रवाशाची पहिली खरेदी हेल्मेट असावी. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटला भारतीय मानक ब्युरोचे, म्हणजेच बोलीभाषेतील आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. या चिन्हाच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. केवळ चिन्हाचे स्टिकर पाहून समाधान मानू नये. मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपमध्ये तो परवाना क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही, हे दुकानातच कळते.

दुसरी परीक्षा हाताने करावी. आतील थर्माकोलसारखा जाड थर अंगठ्याने दाबून पाहावा. अपघातात डोक्यावर येणारा आघात हाच थर शोषून घेतो. बाहेरून चकचकीत आणि आत नुसता स्पंज लावलेली टोपी पोलिसांपासून कदाचित वाचवेल, डांबरी रस्त्यापासून नाही. हेल्मेट घालून पट्टा आवळावा आणि मान हलवावी. ते डोक्यावर फिरत असेल तर एक माप लहान घ्यावे. एकदा जोरदार आघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.

नांदेडच्या संदर्भात एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला हेल्मेटच्या सक्तीतून सूट आहे. ही सूट पगडी बांधली असेल तरच लागू होते, हे विसरू नये.

मोबाईल आणि त्याचे सोबती

लातूर पॅटर्नच्या शिकवणीसाठी गावाकडून आलेला मुलगा असो वा नोकरदार, जुना मोबाईल घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. जुना हँडसेट घेताना रंगरूप नंतर पाहावे. आधी *#०६# ही कळ दाबून पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक काढावा आणि तो खोक्यावरील व बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर तो क्रमांक टाकला की हँडसेट चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, हे समजते. हरवलेला मोबाईल देशभर बंद करण्याची सोयही २०२३ पासून याच सेवेवर आहे. बिल नसलेला स्वस्त मोबाईल म्हणजे पुढे पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची शक्यता विकत घेणे होय.

पॉवर बँक घेताना आकड्यांना भुलू नये. १०,००० एमएएच हा आकडा आतील बॅटरीचा, तोही ३.७ व्होल्टच्या हिशेबाने दिलेला असतो. मोबाईलला वीज ५ व्होल्टने पुरवताना प्रत्यक्षात सुमारे सहा ते साडेसहा हजारच हाती लागतात. पाच हजारांची बॅटरी असलेला मोबाईल त्यावर दोनदा पूर्ण भरेल, अशी अपेक्षा धरणाऱ्याची निराशा ठरलेली. विमानाने जायचे असल्यास पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते आणि तिची क्षमता १०० वॅट-तासांच्या आत असावी लागते. १०,००० एमएएचची पॉवर बँक ३७ वॅट-तासांची, तर २०,०००ची ७४ वॅट-तासांची असते. म्हणजे दोन्ही चालतात.

पॉवर बँक, बिनतारी इअरफोन, स्मार्ट घड्याळ या वस्तूंना मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. वस्तूवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तोही वर सांगितलेल्या ॲपवर तपासता येतो. क्रमांकच नसेल तर वस्तू परत करावी, कारण बनावट बॅटरी उन्हाळ्यात खिशात किंवा उशीखाली पेट घेऊ शकते.

इअरफोन घेणाऱ्यांनी कानाचाही विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित समजला जातो. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. स्मार्ट घड्याळ हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू दाखवते, परंतु तो अंदाज असतो. त्यावरून औषध सुरू वा बंद करणे धोक्याचे आहे.

खादी : घरच्याच मातीतले कापड

मराठवाड्याचा उन्हाळा आणि पॉलिस्टरचा शर्ट यांचे कधीच जमले नाही. एके काळी तलम मलमलीसाठी ओळखले जाणारे नांदेड पुढे कापसाच्या संशोधनासाठी नावारूपाला आले. येथील कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण ‘नांदेड ४४’ या नावाने शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. खादीची परंपराही येथे जुनी आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात ध्वजाची खादी विणली जाते. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर तयार केलेल्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. त्यामुळे हातमागावर बसणाऱ्या विणकराला सदरा-पायजम्याच्या कापडाचे गिऱ्हाईक आता पूर्वीपेक्षा जास्त हवे आहे.

खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड. या दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. गिरणीच्या सुताचे हातमागावर विणलेले कापड चांगले असू शकते, पण ती खादी नव्हे. २०१३ च्या नियमांनुसार खादी म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडावर ‘खादी मार्क’ असणे आवश्यक आहे. रस्त्यावरच्या ‘खादी सेल’मध्ये हे चिन्ह बहुधा दिसत नाही. कापड उजेडात धरावे. हातकताईच्या सुतात कुठे जाड, कुठे बारीक असा किंचित चढउतार दिसतो. अगदी एकसारखे सूत दिसले की शंका घ्यावी.

खादी पहिल्या धुण्यात आटते. त्यामुळे कापड आधी पाण्यातून काढून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यावे. गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारांत सूट मिळते, तेव्हा वर्षाचे कापड घेऊन ठेवणारे चोखंदळ ग्राहक अनेक आहेत. कर पाहायचा तर २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महागड्या कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. गांधी टोपीवर मात्र कर नाही.

पायात आणि डोक्यावर

लग्नसराईत कुडत्याखाली कोल्हापुरी चप्पलच शोभते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे या मानांकनात येतात. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा कंपनीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली आणि श्रेय न दिल्याबद्दल टीका ओढवून घेतली. पुढे कंपनीने या चपलेमागे भारतीय कारागिरी असल्याचे मान्य केले. परदेशात जिची एवढी चर्चा झाली, ती आपल्याला सोलापूरपर्यंत गेले तरी कारागिराकडून घेता येते. खऱ्या चपलेला चामड्याचा वास असतो, तळ शिवलेला असतो आणि सुरुवातीचे काही दिवस ती चावते. रेक्झिनची नक्कल पहिल्या दिवसापासून मऊ असते आणि पहिल्याच पावसात तिचे थर सुटतात. अर्थात खरी कोल्हापुरीही पावसाळ्यात घालू नये.

नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरातील दुकानांत कडे, पगडीचे कापड, कंगा, कृपाण मिळतात. हल्ली इतर समाजांतील तरुणही हौसेने कडे घालतात. कडे घेताना मूठ आवळून, सर्वात रुंद भागाचे माप द्यावे. ते हातात सहज सरकावे, पण आपोआप निसटू नये. शीख बांधवांसाठी हा दागिना नसून पाच ककारांपैकी एक आहे, याचे भान घेणाऱ्याने ठेवावे. गुरुद्वाऱ्यात डोके झाकूनच प्रवेश करायचा असल्याने एक सुती रुमाल खिशात असलेला बरा. तोच रुमाल भर उन्हात दुचाकीवरही उपयोगी पडतो.

उन्हाचा चष्मा घेताना काच किती काळी यापेक्षा ‘यूव्ही ४००’ संरक्षण आहे का, हे पाहावे. संरक्षण नसलेल्या गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण अधिकच आत शिरतात.

खाण्याजोगे, नेण्याजोगे

पुरुषांना स्वयंपाकातले कळत नाही, हा समज एकट्याने खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि नोकरदारांनी केव्हाच खोटा ठरवला आहे. डाळीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या लातूरमध्ये राहून पाकिटबंद पॉलिशची डाळ खाणे म्हणजे करंटेपणाच. निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लातूर जिल्ह्यातील पटडी चिंच व कास्ती कोथिंबीर, जालन्याची दगडी ज्वारी आणि कुंथलगिरीचा खवा यांनाही तो मान मिळाला आहे. बिगरपॉलिश डाळ किंचित मळकट, कोरडी दिसते. हातात घेतल्यावर तेलकट लागणारी, आरशासारखी चमकणारी डाळ टाळावी.

ज्वारीत नवे काही हवे असेल तर ‘परभणी शक्ती’ हा वाण पाहावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या या वाणात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे.

प्रथिनांच्या भुकटीचा मुद्दा येथेच येतो. दोन्ही शहरांत व्यायामशाळा वाढल्या, तसे महागडे डबेही वाढले. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमाण आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. शंभर ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २० ते २२ ग्रॅम आणि शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे. तरीही घ्यायचीच असेल तर डब्यावरील चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक आणि सील तपासावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूही नये.

प्रवासात तोंड चाळवायचे तर लातूर-नांदेड रस्त्यावरील आष्टामोडचा चिवडा, निलंग्याचा भात आणि औसा तालुक्यातील उजनीची बासुंदी ही नावे ठाऊक असलीच पाहिजेत. बासुंदी दूर न्यायची असेल तर थंड डब्यातच न्यावी. उन्हाळ्यात दुधाचा पदार्थ गाडीच्या डिकीत फार वेळ टिकत नाही.

आणखी एक साधी खरेदी म्हणजे स्टीलची पाण्याची बाटली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकराला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

बिल घ्या, बिल जपा

वस्तू कोणतीही असो, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत आणि पक्के बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. ‘बिल घेतले तर कर लागेल’ हे वाक्य ऐकू आले की सावध व्हावे, कारण बिलाशिवाय हमीपत्राला अर्थ राहत नाही. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना तेथे शुल्क नाही. वकील देण्याचीही सक्ती नाही, ग्राहक स्वतः आपली बाजू मांडू शकतो.

नांदेड आणि लातूर ही तशी मापात खर्च करणाऱ्या माणसांची शहरे आहेत. येथे पैसा पावसावर आणि सोयाबीन-तुरीच्या भावावर येतो. तो खर्च करताना पाच मिनिटे जास्त घालवून चिन्ह, क्रमांक आणि बिल पाहिले, तर घेतलेली वस्तू अंगाला लागते. सुरुवात डोक्यावरच्या हेल्मेटपासून करावी, बाकीची हौस त्यानंतर.