गुत्ता, अड्डा, परमिट रूम

मराठवाड्यात रस्त्याचे वा इमारतीचे काम घेणाऱ्या ठेकेदाराला आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात. मुंबईकराला ते ऐकून हसू येते, कारण त्याच्या लेखी गुत्ता म्हणजे दारूचे दुकान. शब्द मात्र एकच. गुत्ता म्हणजे मक्ता. सरकारात ठरलेली रक्कम भरून दारू विकण्याचा जो मक्ता मिळे, त्याचेच नाव दुकानाला चिकटले. आपल्या पानगृहांचा इतिहास म्हणूनच महसुलाच्या वहीतून वाचावा लागतो. ट्रॉम्बेच्या परिसरात तो स्पष्ट दिसतो.

ट्रॉम्बे, म्हणजे जुने तुर्भे, हे मुंबईच्या पूर्व खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. इंग्रजी अमलात हा भाग ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीत मोडे. या किनारपट्टीवर नारळाची माडी, ताडाची ताडी आणि खजुरीची शिंदी अशी तीन झाडांची तीन पेये होती. ती काढणे हा भंडाऱ्यांचा परंपरागत धंदा. माडाची पोय घट्ट बांधायची, तिचे टोक रोज थोडे तासायचे आणि खाली मडके अडकवायचे. पहाटे उतरवलेला रस गोड असे; ऊन चढले की तो आंबू लागे. उरलेल्या माडीची दारूही गाळली जाई.

हे पिणे घरातले आणि अंगणातले होते. ईस्ट इंडियन घरांत ताडीने फुग्यांचे पीठ आंबवत, तिचा शिरका करत. बाप्तिस्म्याला मसाल्याचे गरम खिमाड फिरे. कोळी-आगऱ्यांच्या हळदीत पाहुण्याला पेला आणि देवाला चार थेंब, हा रिवाजच होता. त्यासाठी वेगळे दुकान लागत नव्हते.

दुकान लागू लागले ते १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर. झाड छेदायला परवाना आला, झाडागणिक कर वाढला, घरची भट्टी गुन्हा ठरली. त्याऐवजी मोठ्या कारखान्यांत मोहाची दारू गाळून ती परवानाधारक दुकानांतून विकायची, असे धोरण ठरले. अशा भट्ट्यांचे मोठे केंद्र ट्रॉम्बेहून बंदरापलीकडे, उरणला होते. मालक बहुतेक पारशी. १८९२च्या कायद्याने ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. स्वतःच्या माडाचा रस काढणारा भंडारी कर न भरल्यास चोर ठरला आणि त्याचे गिऱ्हाईक गुत्त्यावर गेले. सरकारचे म्हणणे दारू आवरण्याचे होते. अबकारीचे उत्पन्न मात्र वाढत गेले.

पुढची उलथापालथ दारूबंदीची. १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात ती लागू केली, पण वर्ष संपण्याआधीच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४९चा कायदा आला आणि १९५०पासून मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली. गुत्ता बंद झाला, अड्डा उघडला. ख्रिस्ती वस्त्यांत ‘आंटी’ आपल्या पुढच्या खोलीत दोन बाकडी टाकून ग्लास भरू लागली. अशा अनेक घरांत मिळवते माणूस दुसरे नव्हते. खाड्यांच्या कांदळवनांत गूळ आणि नवसागराच्या भट्ट्या लागल्या. घरच्या माडीची जागा, आत काय आहे याचा भरवसा नसलेल्या हातभट्टीने घेतली.

बंदी सैल होत गेली तशी परवानाधारकांना बसून पिण्याची खोली आली, तीच परमिट रूम. पिणाऱ्याकडे परवाना हवा, हे कलम कागदावर आजही आहे; विचारत कोणी नाही. पण हातभट्टी संपली नाही. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, आणि ती बहुतेक गरीब वस्तीतली होती. परमिट रूमचा पेला त्यांना परवडणारा नव्हता. त्यांच्या ऐपतीची माडी मात्र कायद्याने आणि करांनी कधीच मागे सारली होती.

अबकारी, बंदी आणि परवाना, प्रत्येक धोरणाने दुकानाला नवे नाव दिले. झाडावर चढणाऱ्याला विचारावे, असे मात्र एकाही धोरणाला वाटले नाही.