दगडात कोरलेली नावे आणि शेवटच्या वर्षाचा अभ्यास

पाश्चात्त्य देशांत युद्धस्मारक म्हटले की पूर्वी चौथऱ्यावरचा घोडेस्वार सेनापती उभा राही. साध्या शिपायाचे नाव दगडावर सर्रास येऊ लागले ते पहिल्या महायुद्धानंतर. ब्रिटिश वास्तुकार एडविन लुटियन्स यांनी फ्रान्समध्ये थीपव्हल येथे उभारलेल्या स्मारकावर बेपत्ता सैनिकांची ७२,००० हून अधिक नावे आहेत. त्यांच्याच दिल्लीतल्या इंडिया गेटवरही हजारो नावे आहेत. या प्रथेला १९८१ मध्ये नवे वळण दिले ते येल विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या २१ वर्षांच्या माया लिन यांनी. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या स्पर्धेत १,४२१ आराखड्यांमधून त्यांचा आराखडा निवडला गेला. ही कहाणी बहुधा उपजत प्रतिभेचा चमत्कार म्हणून सांगितली जाते. खरे तर तो मनापासून केलेल्या अभ्यासाचा परिपाक होता.

मृत्यूला आणि शोकाला वास्तुकला कसे रूप देते, या विषयावरच्या अभ्यासवर्गात लिन तेव्हा शिकत होत्या. स्मारकाने लोकांना नेमके काय द्यावे, हा प्रश्न त्या स्पर्धेच्या आधीपासून धरून बसल्या होत्या. येलच्या स्मृतिदालनात व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे कारागीर हाताने कोरत असल्याचे त्यांनी येता-जाता पाहिले होते. येलचे वास्तुकलेचे इतिहासकार व्हिन्सेंट स्कली यांच्या व्याख्यानात त्यांनी थीपव्हलचे वर्णन ऐकले होते. या साऱ्याचे सार त्यांच्या आराखड्यात उतरले: जमिनीत उतरत जाणाऱ्या, कोनात मिळणाऱ्या दोन भिंती आणि त्यांवर मृत्यूच्या क्रमाने सुमारे ५८,००० नावे. हुद्दा नाही, सगळ्या नावांचा एकच वर्णक्रम नाही. भिंतींसाठी काळा ग्रॅनाइट आपल्या बंगळूरहून गेला. त्याला अशी झिलई आहे की नाव शोधणाऱ्याला त्या नावावरच स्वतःचा चेहरा दिसतो. लोक नावावर कागद धरतात, वरून पेन्सिल घासतात आणि उमटलेले नाव घरी नेतात.

यावर कोणी म्हणेल, हा नशिबाचा भाग. त्याच वर्गातले इतर विद्यार्थी काही जगप्रसिद्ध झाले नाहीत. स्पर्धा नेमकी त्याच वर्षी निघाली, हे नशीब खरेच. पण परीक्षकांपुढे नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. तिथे विचारच बोलला. शिवाय एका विजयाने कारकीर्द घडत नाही. काही माजी सैनिकांनी या भिंतीला कडाडून विरोध केला आणि १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवावा लागला. तरीही लिन यांनी आपला प्रश्न सोडला नाही. अमेरिकेतल्या माँटगोमेरी येथील नागरी हक्क स्मारकात (१९८९) काळ्या दगडावर कोरलेल्या हुतात्म्यांच्या नावांवरून पाणी वाहते. येलमधील ‘विमेन्स टेबल’वर (१९९३) नावांऐवजी आकडे आहेत: दरवर्षी किती विद्यार्थिनी होत्या याचे, आणि त्यांची सुरुवात शून्यांच्या रांगेने होते. माध्यम बदलले, पण काळाच्या क्रमाने स्मृती मांडण्याची रीत तीच राहिली.

पदवीच्या वयात व्यवसायाचे साचे अजून अंगवळणी पडलेले नसतात, म्हणून त्या वयात स्वतः निवडलेला प्रश्न आयुष्यभर पुरतो. आपल्या महाविद्यालयांतून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अनेकदा गुणांपुरता उरकला जातो. शिक्षकांनी विद्यार्थ्याला विषय देण्याआधी एकदा विचारावे: तुला स्वतःला काय शोधायचे आहे?