‘हळवा’ : एका स्पर्शवाचक विशेषणाचा अर्थेतिहास
(ठाणे-कल्याण परिसरातील भातशेतीच्या संदर्भात)

मराठीतील ‘हळवा’ हे विशेषण आजच्या नागर वाचकास मुख्यतः एकाच अर्थाने परिचित आहे. हळवे मन, हळवा स्वभाव, हळवी आठवण या प्रयोगांत ते भावनेचे विशेषण आहे. आणि त्यात थोडीशी दुर्बलतेची छटा मिसळलेली आहे. परंतु ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांतील शेतकऱ्यास हळव्याविषयी विचारले, तर तो मनाविषयी न बोलता भाताविषयी बोलू लागतो. हळवे भात म्हणजे लवकर पिकणारे भात. त्याच्या उलट गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे. कोशांत हे दोन अर्थ क्रमांक देऊन वेगवेगळे नोंदविले जातात, आणि त्यामुळे वाचकाचा असा समज होतो की भावनेचा अर्थ हा मुख्य असून शेतीचा अर्थ ही एका व्यवसायाची परिभाषा आहे. शब्दाचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही. शेतीच्या अर्थाने या शब्दाचे जुने नाते जितके जपून ठेवले आहे, तितके भावनेच्या अर्थाने ठेवलेले नाही.

प्रथम रूपाचा विचार. ‘हळवा’ हा संस्कृत ‘लघुक’ या शब्दाचा वंशज होय. प्राकृतात घ-काराचा ह-कार होऊन ‘लहुअ’ असे रूप झाले, आणि त्यातील ल आणि ह यांनी जागा बदलल्यामुळे ‘हलुअ’ हे दुसरे रूप निर्माण झाले. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या वर्णविपर्ययाची स्वतंत्र नोंद केली आहे. त्याच प्रकरणात ‘महाराष्ट्र’ शब्दातील ह आणि र यांची अदलाबदल होऊन ‘मरहट्ठ’ होते, असेही त्याने सांगितले आहे. म्हणजे ज्या प्रवृत्तीने ‘मराठा’ हे नाव घडले, त्याच प्रवृत्तीने ‘हळवा’ही घडला. पुढे दोन स्वरांमधील एकेरी ल-काराचा मराठीत ळ-कार होतो या नियमानुसार ‘हलुअ’चे ‘हळुवा’ आणि नंतर ‘हळवा’ असे रूपांतर झाले. ‘गुरुक’ या शब्दापासून प्राकृत ‘गरुअ’, त्यापासून जुन्या मराठीतील ‘गरुवा’ आणि आजचा ‘गरवा’, अशी समांतर परंपरा आहे. ‘गरवा’चा ‘गर्व’ या शब्दाशी लावला जाणारा संबंध केवळ ध्वनिसाम्यावर आधारलेला आहे. छंदःशास्त्र शिकताना विद्यार्थी जी लघु-गुरूची जोडी घोकतो, तीच जोडी उल्हास नदीच्या खोऱ्यातील खाचरांत शतकानुशतके हळवा-गरवा या तद्भव वेषात नांदत आली आहे.

लघुता हा वजनाचा गुण आहे, मग ‘हळवा’ स्पर्शवाचक कसा, असा आक्षेप घेतला जाणे शक्य आहे. या प्रश्नावर भारतीय दर्शनांतच एकमत नाही. वैशेषिक गुरुत्वाला स्पर्शाहून वेगळा गुण मानतात आणि ते इंद्रियगोचर नसून पतनावरून अनुमेय आहे, असे प्रतिपादितात. उलट जैन दर्शनात स्पर्शाचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत मृदू व कर्कश, शीत व उष्ण, स्निग्ध व रूक्ष यांच्या जोडीला गुरू आणि लघू हेही आहेत. सामान्य माणसाचा अनुभव या दुसऱ्या मताला अनुकूल आहे. वस्तू जड की हलकी हे तो हात लावूनच ठरवितो, आणि बोलीभाषेने वैशेषिकांपेक्षा हाताचेच अधिक ऐकलेले दिसते.

या हाताच्या अनुभवातूनच ‘लघु’च्या मराठी वंशजांचे अर्थ फुटले. त्यांपैकी ‘हळू’चा प्रवास सर्वांत विस्मयकारक आहे. वेदांतील ‘रघु’ आणि संस्कृत ‘लघु’ यांना वेगवान असाही अर्थ आहे. जे हलके ते चपळ. मराठीत मात्र ‘हळू’ म्हणजे सावकाश! वेगवाचक शब्दाच्या पोटी मंदतावाचक शब्द जन्मावा हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. परंतु मधला दुवा स्पर्शाचा आहे, हे ध्यानात घेतले की कोडे उलगडते. पाऊल हलके पडले की आवाज होत नाही; हात हलका लागला की वस्तूला इजा होत नाही; आणि असे पाऊल टाकावयाचे किंवा असा हात लावावयाचा, तर घाई करून चालत नाही. ‘हळू बोल’ यात अजून आवाजाचा हलकेपणा आहे, ‘हळू चाल’ यात तो वेगाकडे वळला आहे, आणि ‘हळूहळू’ या द्विरुक्तीत तर स्पर्शाची आठवणही राहिलेली नाही.

‘हळुवार’ या शब्दाने स्पर्श सोडला नाही. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ.स. १२९०) पहिल्याच अध्यायात श्रोत्याने ही कथा कशी अनुभवावी हे सांगताना, चित्तात अतिशय हळुवारपण आणण्याची अपेक्षा व्यक्त झाली आहे. म्हणजे स्पर्शापासून चित्तापर्यंतचा प्रवास तेराव्या शतकातच पूर्ण झालेला होता. मूर्त अर्थ आधी आणि अमूर्त अर्थ फार पुढे, आधुनिक काळात, अशी जी ठोकळेबाज मांडणी अर्थविचारात केली जाते, तिला हे एक उदाहरण पुरेसे बाधक आहे. येथे चित्ताचे हळुवारपण ही दुर्बलता नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ते ग्रहण करणाऱ्याचे सामर्थ्य आहे.

‘हलका’ हा याच कुळातील; पण त्यातील ल दंत्यच राहिला आहे. मराठीच्या नियमाप्रमाणे येथे ळ अपेक्षित होता, त्यामुळे हा शब्द हिंदीच्या संपर्कातून स्थिरावला असावा असे अनुमान करता येते. हलका माल, हलक्या कानाचा, हलकट, अशी त्याची वाट निंदेकडे गेली.

अशा रीतीने मराठीने एका धातूचे काम निरनिराळ्या रूपांत वाटून दिले. ‘हळू’ हा क्रियेचा प्रकार, ‘हळुवार’ हा स्पर्श करणाऱ्याचा गुण, आणि ‘हळवा’ हा ज्याला स्पर्श होतो त्याचा गुण. जे हळू हाताने हाताळावे लागते, ते हळवे. आजारातून उठलेल्याची प्रकृती हळवी असते आणि थोड्या शब्दाने दुखावणारे मन हळवे असते, ते याच न्यायाने. इंग्रजीतील ‘टेंडर’ या विशेषणाशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. लॅटिन ‘तेनेर’पासून फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मऊ, नाजूक असा, त्यावरून कोवळ्या वयाचा, हात लावताच दुखणारा, दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणारा आणि प्रेमळ असे अर्थ झाले. इंग्रजीने हे सारे एकाच शब्दावर लादले. मराठीत कोवळ्या वयासाठी ‘कोमल’पासून आलेला ‘कोवळा’ आहे, दुखऱ्या त्वचेसाठी ‘हुळहुळणे’ आहे, आणि कळवळ्यासाठी ‘हळवा’. (कचेरीत भरावयाचे ‘टेंडर’ हा निराळाच शब्द होय, तो ताणणे, पुढे करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. मराठीने त्या भाषेतून विशेषण घेतले नाही, निविदा तेवढी घेतली.)

आता भाताकडे वळावे. पिकाला त्याच्या पक्वतेच्या काळावरून नाव देण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. साठ रात्रींत पिकणाऱ्या ‘षष्टिक’ भाताचे नाव सिद्ध करण्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र दिले आहे, आणि चरकसंहितेत याच षष्टिकाच्या गुणांत ‘अगुरु’, म्हणजे जड नसलेला, असा गुण सांगितला आहे. चरकाचा संदर्भ पचनाचा आहे, शेतीचा नव्हे. तरीही लवकर पिकणारे ते हलके, ही सांगड किती जुनी असू शकते याची त्यावरून कल्पना येते. ठाणे जिल्ह्यात या सांगडीला जमिनीचाही आधार मिळाला. उंचावरील, उथळ मातीच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरांत हळवे भात लावावयाचे, आणि सखल, पाणी साचून राहणाऱ्या खोल जमिनीत गरवे. हलकी माती, थोडे पाणी, थोडे दिवस असे तिन्ही हलकेपण एकाच विशेषणात सामावले. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या ठाणे जिल्ह्यावरील तेराव्या खंडात भाताची हळवा-गरवा ही विभागणी नोंदविलेली आहे. आजच्या कृषिखात्याच्या वर्गीकरणात सुमारे ११५ दिवसांपर्यंत तयार होणारे वाण हळवे आणि सुमारे १३५ दिवसांच्या पुढचे गरवे समजले जातात. पुणे जिल्ह्यात हीच जोडी कांद्याला लागते. तेथे हळवी कांदा आणि गरवी कांदा ही नावे बाजारात रूढ आहेत.

येथे ‘हळवे’ या शब्दात लवमात्र कीव नाही. हळव्या भाताचे उत्पन्न सामान्यतः गरव्यापेक्षा कमी येते, आणि परतीच्या पावसात ते आडवे होण्याची भीती असते, हे खरे. परंतु पाऊस लवकर ओसरला, तर गरवे वाळते आणि हळवे हाती लागते. शिवाय भाद्रपदाच्या सुमारास लहान शेतकऱ्याच्या घरातील कणगी रिकामी झालेली असते. अशा वेळी गरव्याची वाट पाहणे त्याला परवडणारे नसते. त्याच्या चुलीवर प्रथम शिजते ते हळवे. लघु शब्दाचा ‘वेगवान’ हा वैदिक अर्थ, जो ‘हळू’ने गमावला आणि उलटा केला, तो या भाताने जपला. एकाच मुळापासून निघालेले दोन शब्द एकाच शेतकऱ्याच्या तोंडी परस्परविरुद्ध अर्थाने नांदतात, आणि त्याला त्यात काही विसंगती वाटत नाही.

या वर्गीकरणातील तिसरे नाव अधिक बोलके आहे. मध्यम मुदतीच्या भाताला ‘निमगरवे’ म्हणतात. ‘नीम’ हा फारसी उपसर्ग, अर्धा या अर्थाचा. तो एका शुद्ध प्राकृतोद्भव शब्दाला जोडलेला आहे. त्यामुळे हा मधला वर्ग, निदान त्याचे नाव, मराठीचा फारसीशी संबंध आल्यानंतरचे असले पाहिजे. मूळची विभागणी दोनच वर्गांची होती. मधल्या भाताला ‘निमहळवे’ न म्हणता ‘निमगरवे’ म्हटले गेले, यावरून मोजमापाचे प्रमाण म्हणून गरवे धरले जात होते, असेही म्हणता येईल. प्रतिष्ठा गरव्याची होती. जुन्या मराठी काव्यात ‘गरुवा’ शब्द थोर, प्रतिष्ठित या अर्थाने येतो. माणसांच्या संदर्भातील तो अर्थ प्रमाण मराठीतून लोपला. भाताच्या संदर्भात त्याची सावली राहिली.

या परिसरातील उच्चाराने आणखी एक गुंतागुंत निर्माण केली. ठाणे-कल्याण भागातील आगरी बोलीत ळ-काराचा ल-कार होतो. डोळा तेथे ‘डोला’ होतो, काळा ‘काला’ होतो. त्यामुळे हळवा हा ‘हलवा’ होतो, आणि मग तो अरबीतून आलेल्या गोड हलव्याशी, तसेच कोळणीच्या पाटीतील हलवा नावाच्या माशाशी एकरूप होतो. ऐकणाऱ्यास प्रसंगावरून अर्थ समजतो. परंतु लिखित साधने वापरणाऱ्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे, कारण गॅझेटियरची रोमन लिपीही ल आणि ळ यांत भेद करीत नाही.

विसाव्या शतकात या शब्दाच्या दोन अर्थांची फारकत झाली. नव्या समीक्षेने ‘हळवेपणा’ हा दोष ठरविला. भावविवश, अश्रुप्रधान लेखनाला हळवे म्हणून बाजूला सारण्यात येऊ लागले. नेमक्या त्याच शतकात या शब्दाचा दुसरा आधारही या परिसरात खचू लागला. डोंबिवलीत साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली. १९८२ साली ठाणे आणि १९८३ साली कल्याण येथे महानगरपालिका स्थापन झाल्या. कल्याण-शीळ रस्त्याच्या दुतर्फा असलेली खाचरे पुढील काही दशकांत इमारतींखाली गेली. खाचराबरोबर ‘गरवा’ शब्द गेला. विशेषणाचा अर्थ त्याच्या विरोधी शब्दाने आखलेला असतो. गरव्याच्या समोर उभा असताना हळवा म्हणजे शीघ्र, अल्पसंतुष्ट, वेळेला धावून येणारा असा होता. तो जोडीदार नाहीसा झाल्यावर शहरी मराठीने त्याच्यासमोर ‘खंबीर’ आणून उभा केला. आणि खंबिराच्या समोर हळवा दुबळाच ठरणार.

२०१४ साली पालघर वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात भाताचे क्षेत्र मुख्यतः शहापूर, मुरबाड आणि भिवंडी, तसेच कल्याण व अंबरनाथ तालुक्यांच्या ग्रामीण पट्ट्यात टिकून आहे, आणि तेथे बियाणे घेताना हळवे की गरवे हा प्रश्न आजही प्रथम विचारला जातो. डोंबिवलीतील विद्यार्थ्याला मात्र ‘हळवे वाण’ हा शब्दप्रयोग वाचून ते बियाणे नाजूक असावे असे वाटते.