काठी किती लांब असावी? कुंडलिकेचा जिताडा आणि गळाच्या काठीचा इतिहास

१/ रोह्यापाशी कुंडलिका नदीचे दोन स्वभाव एकमेकांना भेटतात. वरून, कोलाडच्या बाजूने, गोडे पाणी येते. खालून, रेवदंड्याच्या खाडीतून, भरतीचे खारे पाणी रोहा-अष्टमीपर्यंत चढते. या दोन्ही पाण्यांत सारख्याच सहजतेने वावरणारा मासा म्हणजे जिताडा. पेण, अलिबाग, रोहा या भागात पाहुण्याच्या पानात जिताडा वाढणे हा मानाचा विषय मानला जातो. हाच मासा गळाला लावायचा, तर हातातली काठी किती फुटांची असावी? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मात्र चार हजार वर्षांत अनेकदा बदलले आहे.

२/ प्रथम माशाची ओळख. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख याने १७९० मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. आज त्याचे नाव लेटस कॅल्केरिफर असे आहे. बंगालमध्ये तो भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी आणि इंग्रजी पुस्तकांत एशियन सीबास या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील गोड्या पाण्यातला प्रसिद्ध ‘बास’ वेगळ्या कुळातला आहे. परंतु दोघांची शिकारीची रीत एकच : आडोशाला दबा धरून बसायचे आणि भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालायची. म्हणूनच काठीच्या लांबीचे जे गणित अमेरिकेतल्या तळ्यावर मांडले गेले, तेच थोड्याफार फरकाने कांदळवनालाही लागू पडते.

३/ काठी आणि गळ यांचे नाते फार जुने आहे. इजिप्तमधील बेनी हसन येथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत काठीने मासे धरणाऱ्या माणसाचे चित्र आहे. इ. स. २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोकांच्या गळाचे वर्णन केले. त्यात काठी सुमारे सहा फूट आणि दोरीही तितकीच आहे. या काळात गरारी नव्हती. दोरी काठीच्या टोकालाच बांधलेली असे. त्यामुळे काठीची लांबी अधिक दोरीची लांबी एवढाच माणसाचा पल्ला. नदी रुंद असेल तर काठी लांब करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

४/ दख्खनमध्ये या विषयाला राजाश्रय मिळाला तो कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात. राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. ओवीच्या प्राचीन उल्लेखामुळे हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कोणाला कोणते आमिष रुचते आणि गळाची सामग्री कशी असावी, याची चर्चा तेथे आढळते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहून आधुनिक अभ्यासकांचे लक्ष त्याकडे वेधले. राजाच्या दृष्टीने हा उदरनिर्वाह नव्हता, करमणूक होती. पण ती करमणूकही माशाच्या स्वभावाचा अभ्यास करूनच साधायची होती.

५/ १६७६ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स कॉटन याने आयझॅक वॉल्टनच्या ग्रंथाला स्वतःचा भाग जोडला. काठीची लांबी नदीच्या रुंदीने ठरवावी, असा नियम त्याने घालून दिला आणि ट्राउट माशाच्या नदीसाठी पाच-सहा यार्डांची, म्हणजे पंधरा ते अठरा फुटांची काठी पुरेशी मानली. आज इतकी लांब काठी ऐकून नवल वाटेल. परंतु टोकाला बांधलेल्या दोरीच्या युगात हेच शहाणपण होते.

६/ हे गणित मोडले ते गरारीने. चीनमधील चित्रकार मा युआन याने ११९५ च्या सुमारास काढलेल्या चित्रात होडीत बसलेल्या गळकऱ्याच्या काठीला गरारी स्पष्ट दिसते. युरोपात ती बऱ्याच उशिरा रुजली. दोरी गुंडाळून ठेवता येऊ लागली, हवी तेव्हा सोडता येऊ लागली, आणि पल्ल्याची जबाबदारी काठीवरून दोरीवर गेली. आता काठीकडे तीन कामे उरली : आमिष फेकणे, गळ माशाच्या जबड्यात रुतवणे आणि मासा ओढ घेईल तेव्हा वाकून ती ओढ सोसणे.

७/ या तीन कामांचे आपसांत पटत नाही, हीच खरी मेख आहे. लांब काठीचे टोक अधिक वेगाने फिरते, म्हणून आमिष दूर जाते. एका झटक्यात सैल दोरीही अधिक उचलली जाते. पण काठी ही तरफ आहे. ती जितकी लांब, तितका माशाचा जोर मनगटावर अधिक येतो. आखूड काठीने नेम अचूक साधतो आणि मासा आडोशातून लवकर बाहेर ओढता येतो. मात्र पल्ला कमी होतो. सर्व कामांना पुरेल अशी एकच लांबी म्हणूनच कोणाला सापडली नाही.

८/ काठीच्या द्रव्याचाही इतिहास आहे आणि त्यात भारताचा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बांबूच्या चिरफळ्या एकत्र चिकटवून काठ्या बनू लागल्या. त्यासाठी लागणारा बांबू कलकत्ता बंदरातून जाई, म्हणून त्याचे नावच ‘कलकत्ता केन’ पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि १९७० च्या दशकात कार्बनतंतू आले. काठी हलकी झाली, आणि लांब काठी दिवसभर एका हाताने चालवणे प्रथमच शक्य झाले.

९/ याच दशकात लांबीवरून वाद पेटला. रे स्कॉट याने १९६७ मध्ये आर्कान्सामधील बीव्हर लेक येथे बास मासेमारीची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढे अशा स्पर्धांचे युग सुरू झाले. तेव्हा बहुतेक स्पर्धकांच्या हाती साडेपाच-सहा फुटांच्या काठ्या असत. कॅलिफोर्नियाचा डी थॉमस मात्र बारा फुटी काठीने लव्हाळ्याच्या दाटीत आमिष अलगद सोडी. इतरांनी हरकत घेतली. स्पर्धांत काठीला आठ फुटांची मर्यादा पडली. थॉमसने साडेसात फुटी काठीवर तीच युक्ती बसवली. आज दुकानांत दाट गवतासाठी साडेसात ते आठ फुटी, जड आमिषासाठी सात ते साडेसात फुटी आणि अचूक फेकीसाठी सात फुटांच्या आतली काठी सुचवली जाते, तिची मुळे या वादापर्यंत पोहोचतात.

१०/ आता पुन्हा कुंडलिकेकडे. खारेपाटात शेतीसाठी बांध घालून खाडीचे पाणी अडवण्याची रीत जुनी आहे. बांधातील उघाडीपाशी भरती-ओहोटीच्या वेळी लहान मासे गोळा होतात आणि जिताडा तेथेच दबा धरतो. तिवरांच्या मुळांत, अरुंद आखाताच्या काठी लांब काठी फांद्यांत अडकते. तेथे साडेसहा फुटी काठी शहाणी. रेवदंड्याजवळ खाडीचे मुख रुंदावते, चिखलामुळे पाण्याजवळ जाता येत नाही. तेथे नऊ-दहा फुटांना पर्याय नाही. कॉटनचा नियम येथे वेगळ्या रूपाने परत येतो : लांबी ठरवायची ती काठाकडे पाहून.

११/ पण काठ स्वतःच बदलत असेल तर? १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. मुळशीच्या ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचे पाणी सह्याद्री उतरून कुंडलिकेत येऊ लागले. पूर्वेला वाहणारे पाणी पश्चिमेला वळले. पुढे रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आले.

१२/ जिताड्याला गोडे आणि खारे अशी दोन्ही पाणी लागतात. तो अंडी घालतो खाडीच्या मुखाजवळ, पिल्ले चढतात वर. आयुष्याच्या आरंभी बहुतेक मासे नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणजे मोठा मासा काढला की बहुधा अंडी घालणारी मादीच जाते. वरचे आणि खालचे पाणी यांतील वाट बंद झाली किंवा नासली, तर साडेसहा फुटी काठी घ्यावी की दहा फुटी, हा प्रश्नच उरत नाही. काठीची लांबी नदीने ठरवावी, हे शहाणपण साडेतीनशे वर्षे जुने आहे. त्यासाठी नदी मात्र जिवंत असावी लागते.