अफूचें सत्त्व

अफूइतकें जुनें आणि अफूइतकें बेभरंवशाचें औषध क्वचितच सांपडेल. एका गोळीनें रोग्याच्या वेदना शमाव्या आणि तेवढ्याच दुसऱ्या गोळीनें त्यास चिरनिद्रा लागावी, असा अफूचा लौकिक. पिकागणिक आणि भेसळीगणिक तिचें बळ निराळें. आंतील सत्त्व वेगळें काढल्याखेरीज मात्रा ठरविणें अशक्य होतें.

१८०३ सालीं पॅरिसच्या देरोन नांवाच्या औषधविक्रेत्यानें अफूच्या अर्कांत पोटॅश घालून तें सत्त्व जवळजवळ मिळविलें होतें. त्याचा गुण अल्कलीचा दिसला. परंतु वनस्पतींतून निघणारीं औषधी द्रव्यें आम्ल किंवा उदासीनच असावयाचीं, अशी त्या काळची समजूत! तेव्हां हा गुण धुतल्यावरहि राहिलेल्या पोटॅशचा असावा, असें म्हणून त्यानें प्रश्न मिटविला. हातीं आलेलें रत्न गारगोटी ठरलें.

त्याच सुमारास जर्मनींतील पाडरबोर्न येथील एका औषधालयांत फ्रीड्रिख झर्ट्युर्नर हा विशीचा सहायक काम करीत होता. अफू पाण्यांत भिजवावी, गाळलेल्या अर्कांत अमोनिया टाकावा, खालीं बसणारा करडा साका आम्लांत विरघळवून पुन्हां अमोनियानें पाडावा आणि मद्यार्कानें शुद्ध करावा, ही त्याची रीत. तिचें मर्म सोपें आहे. अफूंत हें सत्त्व आम्लाशीं जडलेलें असतें, म्हणून पाण्यांत उतरतें. अमोनिया तें आम्ल ओढून घेतो आणि एकटें पडलेलें सत्त्व तळाशीं जातें. आम्लाशीं जडण्याचा हा गुण त्यांतील नत्राचा, हें पुढें कळलें. झर्ट्युर्नरनें मात्र डोळ्यांस दिसलें त्यावर विश्वास ठेविला, आणि देरोनहून तो श्रेष्ठ ठरतो तो एवढ्याचसाठीं.

आरंभींच्या त्याच्या लेखांकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. १८१७ मध्यें त्यानें प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचून आजहि अंगावर कांटा येतो. स्वतः तो आणि तीन मुलगे, त्यांत सतरा वर्षांहून मोठा कोणी नाहीं, अशा चौघांनीं पाऊण तासांत प्रत्येकीं दीड ग्रेन सत्त्व घेतलें. गुंगी चढली, पोटांत कळा आल्या; तेव्हां तीव्र सिरका पाजून त्यानें ओकाऱ्या काढविल्या. त्या पोरांचा जीव पणास लावण्याचा त्यास काय अधिकार होता? त्याच्या कीर्तीबरोबर हा प्रश्नहि सांगितला पाहिजे.

पण या वेळीं जग जागें झालें. निद्रेशीं नातें सांगणाऱ्या ग्रीक देवतेवरून त्या सत्त्वास मॉर्फीन हें नांव मिळालें. पॅरिसमध्यें पेलेत्ये आणि कावाँतू यांनीं आम्ल-अल्कलीची हीच युक्ति इतर वनस्पतींवर चालविली. १८१८ मध्यें स्ट्रिक्नीन हातीं आलें आणि १८२० मध्यें सिंकोनाच्या सालींतून क्विनीन. त्यानंतर हिंवतापाच्या रोग्यास सालीची कडू पूड मुठीमुठीनें गिळावी लागेना. औषध तराजूंत तोलून देतां येऊं लागलें.